पूर्वेच्या भिंतीचा घाम

१

सेइरोकु गवंडी चुना घ्यायला आला की दुकानदार आधी चहाचे आधण ठेवायचा, कारण हे काम लवकर आटपणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असे. सेइरोकु पोत्याचे तोंड सोडी, आत कोपरापर्यंत हात घाली, तळातली चिमूट वर काढून दोन बोटांत चोळी आणि जिभेच्या टोकाला लावून बराच वेळ समोरच्या डोंगराकडे बघत राही. मग म्हणे, "भाजताना घाई केलीय," आणि पुढच्या पोत्याकडे वळे.

"चुना घेतोयस की पोरीला नवरा शोधतोयस?" बाकड्यावर बसलेला योनेझो सुतार विचारी. योनेझो त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. मनाने साफ, पण जिभेला हाड नाही. "सिमेंटची गोणी उचल, पाणी ओत, फासून मोकळा हो. दुपारपर्यंत दगड होतो त्याचा."

"दगडच हवा असेल तर समोर डोंगर आहे की. चुन्याची भिंत हवा घेते, सोडते. वर्षानुवर्षं घेत राहते."

"म्हणजे तुझ्या भिंतीही हवा खातात, आणि तूही हवाच खातोस!" योनेझो स्वतःच्याच विनोदावर मांडी थोपटून हसे. सेइरोकुलाही हसू येई, पण चेहऱ्यावर ते दिसू न देण्याची कला त्याला साधली होती.

युद्ध संपून बरीच वर्षे झाली होती आणि खोऱ्यातल्या बाकी सगळ्या गवंड्यांनी सिमेंट जवळ केले होते. सेइरोकुच्या अंगणात मात्र अजून चूल पेटायची. तिच्यावर डोंगरापलीकडून आणलेले समुद्रातले शेवाळ शिजायचे, आणि ज्या गावात कुणी समुद्र धड पाहिला नव्हता त्या गावात दिवसभर समुद्राचा वास भरून राहायचा. त्या शेवाळाची चिकट खळ गाळून चुन्यात घालायची, आणि शेवटी त्यात पडायचे तागाचे तंतू, बोटभर कापलेले. भिंतीला तडा जाऊ नये म्हणून ते लागतातच.

हे तंतू घालण्याचे काम त्याच्या बायकोचे, मित्सुएचे. तंतूंचे गोळे तसेच टाकले तर माल बिघडतो. ती एकेक चिमूट तळहातावर घ्यायची, तोंडाजवळ न्यायची आणि हलकेच फुंकर घालायची. गोळा सुटायचा आणि तंतू एकेक होऊन कालवलेल्या चुन्यावर उतरायचे. सेइरोकुच्या आईनेही हेच केले होते आणि तिच्या सासूनेही. गावातली अशी एकही पांढरी भिंत नव्हती जिच्यात या घरातल्या कुणा ना कुणा बाईची फुंकर नव्हती.

यंदा उन्हाळ्यात मित्सुएला धाप लागू लागली. रात्री तिच्या छातीत बारीक शिटी वाजे. आधी दोन लहान खोकले, मग एक लांब, आणि पुन्हा शिटी. डॉक्टरांनी नळी लावून पाहिली आणि सेइरोकुला बाहेर बोलावले. "चुना बंद. ताग बंद. ही धूळ तिच्या जवळपाससुद्धा नको. नाहीतर येता हिवाळा काही त्यांना मानवायचा नाही," ते म्हणाले. सेइरोकुने मान हलवली. घरी येईपर्यंत तो रस्ताभर मान हलवतच राहिला. मूलबाळ नव्हते, जे काही होते ते ही एक बाई होती.

२

शरद ऋतूत सोयाच्या कारखान्याच्या मालकीणबाईंचे, हात्सुनोबाईंचे, बोलावणे आले. पावसाळी वादळाने त्यांच्या कोठाराची पूर्वेची भिंत सोलून काढली होती. बर्फ पडायच्या आत मुलीचे लग्न होते, जावई घरातच राहायला येणार होता आणि लग्नाच्या पेट्या, कपडे, भांडीकुंडी सगळे त्या कोठारात जायचे होते.

"भिंत अशी घोटा की वऱ्हाडाला तोंड दिसलं पाहिजे तिच्यात," हात्सुनोबाई म्हणाल्या. "आणि घाई करा म्हणत नाही हो, पण घाई करा."

मातीचे थर देऊन झाले. वरच्या चुन्याची वेळ आली तेव्हा सेइरोकुने तंतू स्वतःच सोडवायला घेतले. कंगवा वापरून पाहिला, काठीने पिंजून पाहिले, स्वतः फुंकरही मारून पाहिली. त्याची फुंकर म्हणजे लोहाराचा भाता. अर्धा ताग उडून शेजारणीच्या मुळ्यांवर जाऊन पडला आणि उरलेल्याच्या गाठी मालात तशाच राहिल्या. तो सगळा घाणा त्याने फेकून दिला आणि पायरीवर डोके धरून बसला. मित्सुए आतून सरकत्या दाराच्या फटीतून बघत होती.

दुसऱ्या दिवशी तो आणखी शेवाळ आणायला गेला आणि परतला तेव्हा अंगणातल्या लाकडी हौदात माल तयार होता. त्याने थापीवर गोळा घेतला, थापी उभी धरली. गोळा हळूहळू सरकला आणि मागे कुठलाही डाग न ठेवता खाली उतरला. एकही गाठ नव्हती. मित्सुए विहिरीपाशी हात धूत होती, केसांना तागाची पांढरी लव लागली होती.

"काय केलंस तू हे?" तो ओरडला. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? जीव नकोसा झालाय का तुला?"

"ओरडू नका हो, शेजारी ऐकतील. एवढीच एक भिंत." तिने पदरासारखा गळ्यात बांधलेला पंचा सोडून तोंड पुसले. "तुमचा तो गाठींचा माल बघवेना मला. उद्या लोक म्हणतील, सेइरोकु म्हातारा झाला."

तो आणखी ओरडला, पण खरे सांगायचे तर त्याच्या मनात कुठेतरी आनंदच झाला होता. इतका सुरेख माल कित्येक वर्षांत जमला नव्हता. तो माल फेकून द्यायला हवा होता का, हा प्रश्न त्याला तेव्हा पडलाच नाही.

त्या रात्री मित्सुएच्या छातीतली शिटी वाजली नाही. लहान मुलासारखी ती गाढ झोपली, आणि सेइरोकुने मनातल्या मनात डॉक्टरांना चार शिव्या दिल्या.

३

वरचा थर बसला की घोटाई. आधी थापीने, मग रेशमी फडक्याने आणि शेवटी उघड्या तळव्याने. तळवा फिरत राहतो, भिंत आतून पाणी सोडत राहते आणि हळूहळू तिच्यात आभाळ दिसू लागते. या पाण्याला गवंडी घाम म्हणतात. घाम पुसायचा, पुन्हा घोटायचे. काही दिवसांत घाम सरतो.

पूर्वेच्या भिंतीचा घामही सरला. फक्त एका जागी राहिला, बशीएवढ्या. सेइरोकुने फडक्याने टिपला आणि पुढे सरकला. वळून पाहिले तर तिथे पुन्हा धूसर झाले होते. तो बघत असतानाच धुसरपणा कडेकडून आटत गेला, भिंत लख्ख झाली, आणि मग मधोमध पुन्हा पांढुरकी वाफ धरली.

सेइरोकु उगाच घाबरणारा माणूस नव्हता. त्याने विचार केला, मागे सोयाची आंबती पिंपे आहेत, त्यांची ऊब येत असेल. मग त्याला आठवले की पिंपे पश्चिमेच्या बाजूला आहेत. कदाचित मातीत एखादी पोकळी राहिली असेल आणि वारा आत-बाहेर करत असेल. त्याने बोट ओले करून हवेत धरले. वारा नव्हता. अंगणातल्या झाडाचे एक पानसुद्धा हलत नव्हते.

तो कोठाराच्या आत गेला. जाड दार मागे आपोआप लोटले गेले आणि बाहेरचा दिवस एकदम दूर कुठेतरी राहिला. आत जुन्या लाकडाचा आणि सोयाचा गोडसर, झोप आणणारा वास होता. उंचावरच्या लहानशा खिडकीतून उजेडाचा एक पट्टा येत होता आणि त्यात धूळ अगदी निवांत तरंगत होती. त्याने भिंतीच्या आतल्या बाजूवर हात फिरवला. कोरडी, थंड माती.

कितीतरी वेळ तो तसाच उभा राहिला. त्याला वाटले आपण इथे लहानपणी कधीतरी येऊन गेलो आहोत, कुणीतरी इथे आपली वाट बघत असते. मग त्याला तो खोकला ऐकू आला. फार बारीक. आधी दोन लहान, मग एक लांब. आणि शिटी.

उंदीर असेल, असे तो मोठ्याने म्हणाला. बाहेर येऊन त्याने डाग पुन्हा पुसला. पुसताना त्याच्या लक्षात आले की ती जागा त्याच्या खांद्याच्या उंचीवर आहे. मित्सुएचे तोंड जेमतेम त्याच्या खांद्यापर्यंत पोचते यावरून लग्नाच्या दिवसापासून योनेझो तिला चिडवत आला होता.

४

घरी मित्सुएची तब्येत सुधारत चालली होती. ती भराभरा जिना चढायची, पाण्याच्या बादल्या उचलायची, गाणी गुणगुणायची. "बघा, उगाच घाबरवलं तुमच्या डॉक्टरांनी," ती म्हणायची. सेइरोकु हो म्हणायचा. पण संध्याकाळी कागदी दाराच्या अलीकडे तो चहा घेत बसला की पलीकडे काहीतरी कमी आहे असे वाटायचे. बांगडीसारखा भांड्यांचा किणकिणाट यायचा, चटईवर पावले वाजायची, पण त्या आवाजांच्या मधल्या जागा अगदी रिकाम्या असायच्या. घरात दुसरे माणूस असले की जी एक भरलेली शांतता असते, ती नसायची.

"मित्सुए?"

"काय हो?"

"काही नाही."

थोड्या वेळाने तो पुन्हा हाक मारायचा.

"अहो, झालंय काय तुम्हाला? म्हातारपणी प्रेम उतू चाललंय वाटतं!" ती हसत डोकवायची. गाल लाल, डोळे चमकते. इतकी बरी ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही दिसली नव्हती. सेइरोकुला खूप आनंद व्हायला हवा होता, आणि तो होतही होता, पण त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी थंडगार बसलेले होते.

दिवसा तो भिंतीपाशी जायचा. घोटाई केव्हाच संपली होती, तरी तळवा त्या जागेवर ठेवून उभा राहायचा. कोवळी, ओली ऊब यायची, जायची. कधी अडखळायची, आणि मग तिला सूर सापडेपर्यंत सेइरोकुचाही जीव अडकून राहायचा. एकदा त्याने खरडणी हातात घेतली. तेवढाच तुकडा काढून टाकू, नवा माल भरू, संपला विषय. पोलादाची धार भिंतीला टेकली आणि ऊब एकदम थांबली. भीतीने कुणी श्वास रोखून धरावा तशी थांबली. सेइरोकुच्या हातून खरडणी गळून पडली. "नाही, नाही," तो भिंतीशी पुटपुटला. "काही करत नाही मी."

"कोणाशी बोलतोयस रे?" मागून योनेझो म्हणाला. कोठाराचे दार दुरुस्त करायला तो आला होता. त्याने वाकून डाग पाहिला, बोट लावले, वास घेतला. "ओल. तुझ्या लाडक्या चुन्याला ओल आलीय. कसा तोंडावर आपटलास!"

"हात लाव नीट. काही जाणवतं?"

योनेझोने तळवा लावला. त्याचा थट्टेखोर चेहरा थोडा थोडा उतरत गेला. त्याने हात काढून पायजम्याला पुसला आणि पुन्हा पुसला. "बंद करून टाक हे," एवढेच तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

५

लग्न तोंडावर आले आणि हात्सुनोबाई स्वतः भिंत बघायला आल्या. त्यांची नजर त्या एकाच जागी गेली.

"हे काय? पाहुणे याच बाजूने येणार. शुभकार्याला डागाळलेली भिंत दाखवू का मी त्यांना?"

"थोडे दिवस द्या, बाई. चुना आहे, त्याच्या कलाने घेतो."

"थोडे दिवस कुठून आणू? परवा गारठा पडेल, मग तुमचा चुना फुटेल, तुम्हीच सांगता ना? योनेझो म्हणत होता, सिमेंट घातलं की लगेच बसतं. नाहीतर शेजारच्या गावचा गवंडी आणते. तो सगळी भिंतच सिमेंटची करून देईल." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "तुमच्या वडिलांनी बांधलंय हे कोठार. दुसऱ्याचा हात लागू नये असं मलाही वाटतं हो."

योनेझोने अर्धी गोणी सिमेंट आणून हौदाशेजारी ठेवली होती. जाताना त्याने सेइरोकुच्या खांद्यावर हात ठेवला. "ओलच आहे ती. दुसरं काय असणार?"

सेइरोकुने स्वतःला हेच समजावले. ओल ती ओल. आपल्या बायकोची धाप परक्यांच्या भिंतीत काय करतेय, असला विचार शहाण्या माणसाने करू नये. बायको घरी ठणठणीत आहे. शिवाय दुसरा गवंडी आला तर तो खरडणार, छिन्नी लावणार, आणि ते सेइरोकुला अजिबात सहन होणार नव्हते. त्यापेक्षा आपल्याच हाताने, हलका हात ठेवून, पातळ थर द्यावा. जन्मभर जे केले नव्हते ते त्याने त्या सकाळी केले. चुन्याच्या घाण्यात मूठभर सिमेंट घातले.

माल कालवताना दुधात राख पडल्यासारखा रंग आला. थंडी कडक होती, अंगणातल्या सावलीत दहिवर पांढरे पडले होते, आणि त्याच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. त्याने थापीवर गोळा घेतला. भिंतीवरची धूसर बशी उमटली, विरली, पुन्हा उमटली. आज ती घाई करत होती.

त्याने थापी फिरवली. एकदा, मग आडवी, मग परत. थापीखाली काहीतरी किंचित फुगले, थराला आतून ढकलले, जसे झोपेत कुणी पांघरूण ढकलते. त्याने थापी दाबून धरली. तो स्वतःच्या डोळ्यांतले पाणी पुसत होता आणि ते का येते आहे हे त्याला धड समजत नव्हते. थोड्या वेळाने ढकलणे थांबले. माल बसू लागला. ऊन कौलांवर चढेपर्यंत थर हाडासारखा घट्ट झाला, गुळगुळीत, कोरडा. डाग गेला.

त्याने भिंतीला कान लावला. कितीतरी वेळ लावून ठेवला. फक्त त्याच्या स्वतःच्या कानातले रक्त वाजत होते. मग हत्यारे तिथेच टाकून तो घराकडे पळत सुटला.

६

ओढ्यावरचा पूल, देवळाच्या पायऱ्या, मुळ्यांचे शेत. सगळे काही पाण्याखालून दिसावे तसे दिसत होते. शेतातल्या बायका एकमेकींना हाका मारत होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडासमोर वाफेचा छोटा ढग उभा राहत होता. गाडीचा घोडासुद्धा वाफ सोडत होता.

मित्सुए विहिरीपाशी मुळे धूत बसली होती. बर्फासारख्या पाण्यात कोपरापर्यंत हात. ती आहे, बसली आहे, हात हलत आहेत, हे पाहून सेइरोकु थांबला. तो फाटकाचा खांब धरून उभा राहिला.

"अगं बाई! एवढी धाप का लागलीय तुम्हाला?" ती उठली, हात पुसत लगबगीने जवळ आली. "काय झालं? भिंत पडली की काय? बोला ना!"

"झाली भिंत," तो कसाबसा म्हणाला. त्याच्या शब्दांबरोबर वाफेचे ढग बाहेर पडत होते. "तू... तुला बरं आहे ना?"

"मला? मला काय धाड भरलीय? आज सकाळपासून तर इतकं हलकं वाटतंय, काय सांगू. छातीवरचं ओझंच उतरल्यासारखं झालंय. सगळ्या चादरी धुतल्या, मुळे काढले, आता खारवायला घालते. तुम्हाला आवडतात तसे, तिखट टाकून. आणि हे बघा, तुम्ही आता आत चला, गरम काही तरी घ्या, अशा थंडीत कुणी पळतं का या वयात?"

ती बोलत होती. भरभरून, न थांबता बोलत होती. सेइरोकु तिच्या तोंडाकडे बघत होता. ओठ लाल होते, दात दिसत होते, आणि तोंडासमोरची हवा काचेसारखी स्वच्छ होती. पलीकडचा विहिरीचा दगड, त्यावरचे शेवाळ, सगळे स्पष्ट दिसत होते. एकही ढग नव्हता.

ऊन आहे म्हणून असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. ती थंड पाण्यात बसली होती म्हणून असेल. त्याचा स्वतःचा हात आपोआप अंगरख्याच्या खिशात गेला. खिशात ताग होता, गवंड्याच्या खिशात असतोच, बोटभर तंतूंचा एक गोळा. त्याने तो तळहातावर ठेवला आणि हात तिच्या तोंडासमोर धरला.

"फुंक बघू."

"आता? आणि ते डॉक्टर?"

"एकदाच. माझ्यासाठी."

मित्सुए हसली. तिने तरुणपणी घ्यायची तसा त्याचा हात खालून आपल्या दोन्ही हातांत घेतला. डोळे मिटले, गाल फुगवले, ओठांचा चंबू केला आणि फुंकर घातली. किती तरी वेळ घातली, खूप मन लावून.

तळहातावर तंतू होते तसेच पडून राहिले. वरचा एक अगदी हलका, उभा राहिलेला तंतू होता. तोसुद्धा हलला नाही.

तिने डोळे उघडले नव्हते. "उडाले ना?" तिने विचारले.

सेइरोकुने हळूच मूठ मिटली.

"उडाले," तो म्हणाला. "सगळे उडाले."